अनुभव धागा : शिकवलं खरं, पण पोचलं का?

नमस्कार मंडळी. परवा ऑनलाइन शाळेची चर्चा नेहमीप्रमाणे 'मोबाईलने पोरं बिघडली' या स्टेशनावर जाऊन थांबली, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. शिक्षक, पालक, विद्यार्थी, कोणीही असा, शिकवणाऱ्याचं शिकणाऱ्यापर्यंत पोचलंच नाही असा स्वतःचा अनुभव लिहा. कारण कुठलंही चालेल, रेंज, भाषा, लाज, परदेशातली शाळा. धोरणांवर निबंध नकोत आणि शाळांची नावं उघड करू नका प्लीज. माझं मत आधीच सांगून टाकते, नेट नाही हे निदान दिसतं तरी, पण न समजलेलं पोर गप्प बसतं आणि आपण त्याला समजलं असं धरून पुढचा धडा घेतो, ते दिसतच नाही. या आता.

डोंगरमास्तर
मी मूळचा साताऱ्याकडचा, नोकरी लागली नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर, झेडपीची शाळा. पोरं घरी पावरी बोलतात आणि मी आपला पुस्तकी मराठीत 'बाळांनो' करतोय, पहिलीचा वर्ग माझ्याकडे टकामका बघतोय. मग चौथीतला एक चुणचुणीत पोरगा दुभाष्या म्हणून शेजारी बसवला. मी म्हटलं पाटीवर गोल काढा, तर हा पठ्ठ्या बराच वेळ काहीतरी सांगत सुटला आणि सगळी पोरं हाताची घडी घालून चिडीचूप. विचारलं काय सांगितलंस रे, तर म्हणे, "सर रागावलेत, गुमान बसा." आता मी रागावलो नव्हतो हो, माझा आवाजच तसा आहे.
पुढे मीच थोडीफार पावरी शिकलो, पोरं खदाखदा हसायची माझ्या बोलण्याला, पण हसता हसता बोलायला लागली. पुस्तकात सिग्नलचं चित्र होतं, ते पोरांनी कधी बघितलेलंच नाही, म्हणून मोहफुलं वेचायच्या दिवसात मोहफुलांच्याच बेरजा-वजाबाक्या घेतल्या, तुझ्या टोपलीत किती, त्याच्या टोपलीत किती, सांडली किती. तेव्हा कळलं की ज्याला मी 'ढ' समजत होतो तो हिशोबाला माझ्याहून पक्का आहे.
लॉकडाऊनचं तर विचारू नका. २०२० ला 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या सरकारी उपक्रमाचा अभ्यास रोज व्हॉट्सॲपवर यायचा, मी पालकांना पुढे ढकलायचो आणि एकच टिक पडून राहायची. रेंज धरायला टेकडीवर चढावं लागायचं. पण वर जी माहिती भरायची त्यात रकाना 'लिंक पाठवली का' एवढाच, उघडली का असं कोणी विचारतच नव्हतं, मग मी 'होय' लिहायचो, ते खोटंही नव्हतं. शेवटी गाडीवर झेरॉक्स टाकून पाड्या-पाड्यावर वाटत फिरलो.

चहा_बिस्किट
सर, "गुमान बसा" ला दंडवत _/\_

झेरॉक्सवाला
मी शिक्षक नाही, पण शाळेजवळ दुकान आहे त्यामुळे लिहायचा हक्क आहे असं समजतो. आरटीईचे २५ टक्क्यांवाले फॉर्म, म्हणजे गरीब घरच्या मुलांना खाजगी शाळेत फुकट प्रवेशाचे, माझ्याकडे भरतात लोक. लॉटरीत नंबर लागला की पेढे घेऊन येतात, आणि जून उजाडला की तेच लोक मोबाईल पुढे करून उभे, "भाऊ, शाळेचा मेसेज आलाय, वाचा जरा." सगळं इंग्रजीत, ॲपवर, आणि शाळेला वाटतं कळवलं म्हणजे झालं. एक ताई घरकाम करतात, त्यांचा मुलगा सीनियर केजीत. शाळेचा 'यलो डे' होता, मेसेज आदल्या रात्री आला, त्या सकाळी सहाला घर सोडतात. पोरगा एकटा युनिफॉर्ममध्ये, बाकी सगळा वर्ग पिवळाधमक. फोटोत तो शेवटच्या रांगेत उभा केलेला. ताईंनी तो फोटो माझ्याकडूनच प्रिंट करून नेला, वर म्हणाल्या छान आलाय ना. मी काय बोलणार.
पालकसभेला त्या जातच नाहीत, म्हणतात तिथे मॅडम इंग्रजीत बोलतात आणि मी नुसती मान डोलावते, त्यापेक्षा अर्ध्या दिवसाचा पगार तरी वाचतो. शाळेच्या वहीत मात्र त्यांच्या नावापुढे 'पालक उदासीन' असा शेरा.

रोखठोक
हे सगळं ठीक आहे पण आमच्या वेळी कुठे होतं नेट? कंदिलावर शिकलो, मराठीतच शिकलो, काही अडलं नाही. आता सगळं हातात आहे तर रडगाणी. इच्छा असली की होतं.

नुसतीच_वाचक
@रोखठोक, काका, तुमच्या वेळी कंदील सगळ्यांच्याच घरी होता आणि परीक्षा कंदिलावर होती. इथे अर्ध्या वर्गाला ट्यूबलाईट मिळाली आणि पेपर ट्यूबलाईटचा काढला, असं झालं. एनएसओच्या (केंद्र सरकारचं सांख्यिकी कार्यालय) २०१७-१८ च्या पाहणीत देशातल्या खेड्यांत जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२. त्यानंतर दोनच वर्षांत शाळा फोनवर गेली.

बाबांचा_मोबाईल
आता इंजिनिअरिंगला आहे, लॉकडाऊनला नववीत होतो. घरात स्मार्टफोन एकच, बाबांचा, रोजचा दीड जीबी, आणि लहान बहीण पाचवीत. दोघांचे तास एकाच वेळी असले की माझा नंबर लागायचा कारण 'त्याची दहावी जवळ आलीये', ती मग सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही अभ्यासाची मालिका बघायची, टीव्हीला डेटा लागत नव्हता ना. खरा त्रास मात्र 'कॅमेरा ऑन करा' चा. आमची एकच खोली, मी बसायचो त्याच्या मागेच मोरी आणि गॅसचा ओटा. आई भाकऱ्या थापतेय आणि ते चाळीस जण बघतायत. मी दोरीला चादर बांधली, तर पंख्याने ती उडायची. मग नेट गेलं सांगून कॅमेरा बंद ठेवायचो. मॅडम म्हणायच्या मुलं सिरीयस नाहीत.

अनुची_आई
मुलीला ऐकू कमी येतं, मशीन आहे पण ती बरीचशी ओठांवरून समजून घेते. शाळा परत सुरू झाल्या आणि सगळ्यांच्या तोंडाला मास्क. तिला आख्खा वर्ग म्युट झाला. बाईंना सांगितलं तर त्या अजून मोठ्याने बोलायला लागल्या, मनाने चांगल्या हो, पण उपयोग शून्य. खरं तर फळ्याकडे तोंड करून बोलू नका आणि गृहपाठ फळ्यावर लिहा, एवढ्या दोन गोष्टींनी निम्मं काम होतं, मास्क असो नसो. दरवर्षी नवीन बाईंना नव्याने सांगते.

न्यूजर्सीकर
उलट टोकाचा अनुभव. इकडे मुलाच्या टीचरने मीटिंगला बोलावलं, दहा मिनिटं नुसतं कौतुक, किती गोड आहे, मित्रांना किती मदत करतो, आणि जाता जाता म्हणाली की वाचनाकडे आपण जरा लक्ष देऊया का. आम्ही दोघं खूश होऊन बाहेर, नवऱ्याने तर येताना केक घेतला. आपल्याकडे कसं, बाई सरळ म्हणतात 'वाचनात कच्चा आहे, लक्ष द्या'. आम्हाला कळलंच नाही की सगळी मीटिंग त्या शेवटच्या वाक्यासाठी होती. पुढे स्पेशल रीडिंग ग्रुपचं पत्र आलं तेव्हा ट्यूब पेटली. आणि त्यांचीही तक्रार होती, मुलगा बोलताना खाली बघतो, आत्मविश्वास नाही का? अहो, मोठ्यांशी बोलताना डोळे वर करायचे नाहीत हे आजीनेच शिकवलंय त्याला. हे सांगितल्यावर टीचरने खरंच वहीत लिहून घेतलं.

चहा_बिस्किट
केक तरी चांगला होता का? :)

न्यूजर्सीकर
होता!

फळा_आणि_डस्टर
ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावी सायन्सला सगळंच इंग्रजी, ही पोरं दरवर्षी माझ्या वर्गात येतात. मराठीतून न्यूटनचे नियम पाठ आणि समजलेलेही असतात, पण डाऊट विचारायचा तर आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवायचं, ते जुळेपर्यंत मी पुढच्या गणितावर. शिवाय पुढच्या बाकावरचे इंग्रजीवाले हसतील ही भीती. आणि गंमत म्हणजे मी स्वतः स्टाफरूममध्ये मराठीतच बोलतो.
आता तास संपला की चिठ्ठ्या मागतो, नाव नको, कुठल्याही भाषेत, काय कळलं नाही ते लिहा. दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं त्याच चिठ्ठ्या. सुरुवातीला बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच, 'सर हळू बोला'. एकीवर, 'सर पंखा दुरुस्त करा'. घर्षणावर मात्र एकाने असा प्रश्न विचारला होता की मला घरी जाऊन पुस्तक काढावं लागलं, आणि अक्षरावरून अंदाज आहे तो कोण ते, वर्गात त्याचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. पंख्याचा अर्ज दिलाय ऑफिसात.