व्हर्साय १९१९: बंद दाराआडचे संवाद रचावेत का?

धागालेखक: पहिल्या महायुद्धानंतरच्या तहांवरच्या टीव्ही मालिकांत एक गोष्ट मला फार खटकते. दार बंद झालं की लेखक मनाला येईल ते पुढाऱ्यांच्या तोंडी घालतो. फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो टेबलावर मूठ आपटणार, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन तत्त्वं ऐकवणार. जर्मनीशी व्हर्सायचा तह जिथे ठरला त्या पॅरिस शांतता परिषदेपुरती तरी ही सूट देऊ नये. मार्च १९१९ अखेर विल्सन, क्लेमांसो, ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज आणि इटलीचे पंतप्रधान ऑर्लँडो हे चौघेच बसू लागले, तेव्हा दुभाषे पॉल मांतू सोबत होते. त्यांची टिपणं १९५५ मध्ये छापली गेली. खरं बोलणं हाताशी असताना खोटं कशाला?

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. टिपण म्हणजे नाट्य नव्हे. जर्मनीच्या सार प्रांतातल्या कोळशाचा तासभर खल जसाच्या तसा दाखवलात तर कोण बघेल? आणि खोलीबाहेरच्यांचं काय? नोव्हेंबर १९१८ मध्ये तोफा थांबल्या, पण जर्मनीची नाकेबंदी जुलै १९१९ पर्यंत चालली. तिथल्या अन्नाच्या रांगेत पोराला कडेवर घेऊन उभी असलेली बाई कुठल्या टिपणात बोलते? तिला लेखकानेच बोलतं करायला हवं.

धागालेखक: तिला जरूर रचा! तिचं वाक्य इतिहास म्हणून कुणी पुढे करत नाही. क्लेमांसोंचं रचलेलं वाक्य मात्र उद्या भाषणात येतं. आणि खऱ्यात नाट्य कमी आहे का? इटलीला हव्या असलेल्या फ्यूमे बंदरावरून वाद पेटला तेव्हा ऑर्लँडो खिडकीशी येऊन उभे राहिले. समोरच्या इमारतीतून लॉइड जॉर्ज यांच्या सचिव फ्रान्सेस स्टीव्हन्सन बघत होत्या. ऑर्लँडो रडले असावेत, असं स्टीव्हन्सन यांनी डायरीत लिहिलंय. या प्रसंगाला संवाद लागतोच कुठे?

प्रतिसाद २: तुम्ही दोघंही त्या खोलीतच अडकलात. वंशसमानतेचा जपानी प्रस्ताव ११ एप्रिलला राष्ट्रसंघाच्या आयोगात आला. १७ पैकी ११ मतं मिळाली, तरी एकमत नाही म्हणून विल्सन यांनी तो बाद ठरवला. चीनच्या शांतुंग प्रांतातले जर्मन हक्क जपानला दिले म्हणून चीनने सही केली नाही. हिंदुस्थानच्या वतीने सही केली ब्रिटनचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी. हे निवेदकाच्या एका वाक्यात उरकलं तर मालिका अपुरीच.

प्रतिसाद १: हे मान्य. खिडकीचा प्रसंगही मान्य, पण खिडकीपाशी येण्याआधी ऑर्लँडोंच्या मनात काय चाललं होतं, हे लेखकाने सांगायचंच नाही, हे मला पटत नाही.

धागालेखक: नटाच्या चेहऱ्यावर सोडा की. २८ जूनला व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालात सहीच्या वेळी चेहरे छिन्नविच्छिन्न झालेले पाच फ्रेंच सैनिक मुद्दाम आणून उभे केले होते. त्यांच्या समोरून जर्मनीचे प्रतिनिधी म्युलर आणि बेल सही करायला जातात. इथे एक शब्दही घालू नये.