आठ महिन्यांची नोकरी रेझ्युमेतून गाळू नका

सहा वर्षांत चार कंपन्या झाल्या असतील तर मधली आठ महिन्यांची नोकरी गाळून टाका, असा सल्ला कुणी दिला असेल. कृपया तसं करू नका. पीएफचा यूएएन (सदस्याचा कायमचा क्रमांक) नोकरी बदलली तरी एकच असतो आणि त्याच्या सर्व्हिस हिस्टरीत प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले, म्हणजे नव्या कंपनीसाठी उमेदवाराची माहिती पडताळणारे, अनेकदा हीच मागतात. लपवलेले आठ महिने तिथे सापडले तर हातात आलेली ऑफर जाऊ शकते.

आधी स्वतः ती हिस्टरी उघडून रेझ्युमेशी ताडून पाहा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू असल्यासारखं दिसतं आणि मूनलायटिंगचा, म्हणजे लपून दुसरी नोकरी केल्याचा, संशय येतो. शेवटचा पीएफ भरल्यावर दोन महिन्यांनी ही तारीख पीएफच्या पोर्टलवर आपली आपण टाकता येते.

पुण्यात हिंजवडी, खराडीच्या आयटी कंपन्यांत बरेच जण थर्ड पार्टी पेरोलवर असतात, म्हणजे काम एका कंपनीचं (क्लायंट) आणि पगार दुसरीकडून. क्लायंट तोच, पण पेरोल दोनदा बदललं की कागदावर तीन नोकऱ्या! अशा वेळी क्लायंटचं नाव ठळक लिहा आणि खाली एका ओळीत तिन्ही पेरोल कंपन्या तारखांसह द्या. अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

एचआरने कारण विचारलं तर प्रत्येक बदलाला एकच वाक्य पुरे: ‘प्रोजेक्ट बंद झाला, चार महिने बेंचवर (प्रोजेक्टविना) होतो, जावाचं काम नव्हतं.’ मॅनेजरची गाऱ्हाणी नकोत. पगारासाठी सोडली असेल तर तेही सरळ सांगा, फक्त चारही वेळा तेच कारण नको.