मदत हवी आहे : सुरूदार खांबांच्या अभ्यासासाठी

नमस्कार. मी चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षअखेरच्या कामासाठी पेशवाईतला दिवाणखाना रंगवतेय. आधी शनिवारवाडा पाहिला, पण १८२८ च्या आगीत आतलं लाकूडकाम गेलं. जोती बघून खोलीचा अंदाज येतो, खांबाचा नाही. म्हणून परवा बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्यात गेले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला, १८०७ चा वाडा. ते सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारख्या आकाराचे, खांब पाहून मी अर्धा तास नुसती उभी होते! बुंध्याशी फुगीर, वर निमुळते, आणि दोन खांबांमध्ये महिरप. जवळ गेल्यावर पाकळ्यांच्या खाचांत साचलेली धूळ दिसते, त्यामुळेच कोरीव काम उठून येतं. मला नेमकी तीच सावली हवी आहे. मोबाइलवरचे फोटो मात्र पार काळे आले.

तिथे बसून रेखाटन केलेलं कुणी आहे का? परवानगी कुणाकडे मागायची, आणि उजेड कोणत्या वेळी तिरपा येतो? केळकर संग्रहालयातला मस्तानी महालही बघणार आहे. शिवाय एखाद्या जुन्या वाड्यात असा खांब हात लावून बघता येत असेल, तर कृपया कळवा. वहीपेन्सिल घेऊन लगेच येईन.