साखरेसाठी चालायचं तर पहाटे नाही, जेवणानंतर

शतपावली:
सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन दिवसांनी तोच सल्ला फिरतो: पहाटे उपाशीपोटी पाच किलोमीटर चाला, शुगर पळून जाईल. मला हे पटत नाही. टाइप २ मधुमेह असलेल्या माणसाकडे चालायला दिवसाचा एकच तास असेल, तर तो सगळा पहाटे उडवू नये. निम्मा तरी जेवणांनंतर वाटून घ्यावा, त्यातही रात्रीच्या जेवणाला जास्त.

आकडे बघा. उपाशी असताना अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम चमचाभर, ४-५ ग्रॅम. दोन पोळ्या, वाटीभर भात आणि आमटी पोटात गेली की ७०-८० ग्रॅम कर्बोदकं रक्ताकडे निघतात. ती ठेवायची कुठे? ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या, रूपात यकृतात साधारण शंभर ग्रॅम मावतात, स्नायूंत चारशे-पाचशे. म्हणजे खरी जागा स्नायूंत, आणि मधुमेहात नेमकं तिथेच अडतं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० मध्ये मोजलं होतं: टाइप २ च्या रुग्णांच्या स्नायूंत ग्लायकोजेन तयार होण्याचा वेग निरोगी माणसांच्या निम्म्याहूनही कमी.

पण राबणारा स्नायू इन्शुलिनची वाट बघत बसत नाही. साखर आत ओढणारी ग्लूट-४ नावाची प्रथिनं हालचालीनंच पेशीच्या पृष्ठभागावर येतात. मग ही सोय साखर चढत असताना वापरायची, की ती आधीच खाली असताना? न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं २०१६ मध्ये ४१ रुग्णांवरचा प्रयोग छापला. एकदा रोज ३० मिनिटं केव्हाही चालायचं, एकदा तीन जेवणांनंतर १०-१० मिनिटं. वेळ सारखाच, पण जेवणानंतरचा साखरेचा चढ दुसऱ्या पद्धतीत १२ टक्के कमी निघाला, रात्रीच्या जेवणानंतरचा तर २२ टक्के.

टेकडीवाला:
शतपावलीराव, हे अर्धंच गणित झालं. कणगी शिगोशीग भरलेली असेल तर नवं धान्य ओतणार कुठे? १९६६ मध्ये स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोघांनी स्वतःवरच प्रयोग केला होता. एकच सायकल, दोन बाजूंना दोघं बसलेले, प्रत्येकाचा एक पाय पॅडलवर, दुसरा स्वस्थ. पार दमेपर्यंत मारली. मग तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि मांडीत सुई घालून स्नायूचे कण काढून तपासले. राबलेल्या पायात ग्लायकोजेन दुसऱ्या पायाच्या जवळपास दुप्पट! रक्त तेच, जेवण तेच, फरक फक्त आधी उपसण्याचा.

व्यायामानंतर स्नायूंची ही भूक दिवसभर टिकते, कधी दोन दिवस. मग सकाळचे सहा काय अन् रात्रीचे नऊ काय.

आणि जरा व्यवहाराचं बोला. रात्री साडेनऊला आमच्या गल्लीत उखडलेले पेव्हर ब्लॉक, भटकी कुत्री, वर अर्धे दिवे बंद. बायकांनी एकटीनं फिरायचं कसं? पहाटे टेकडीवर सोबत असते, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं.

शतपावली:
दिव्यांचं मान्य. पण ते दोघं पाय गळेपर्यंत पॅडल मारत होते, आणि टेकडीवरची मंडळी महापालिकेच्या निवडणुकीवर बोलत चालतात. इतक्या सावकाश चालण्यात, तेही उपाशीपोटी, शरीर जास्त करून चरबी जाळतं. चढ धापा टाकत चढलात तर कणगी उपसली जाईल; मग बाकावर बसून गप्पा मारायला दम उरणार नाही, इतकंच.

सेन्सरवाली:
दंडाला साखर मोजणारा सेन्सर लावून बघितलंय. पहाटे उठल्यावर ११८, पोटात कण नसताना भराभर टेकडी चढून आले की १४६. पहाटे कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढलेलंच असतं, त्यात चढावर अ‍ॅड्रेनलिन हे दुसरं, आणि यकृत साखर सोडत सुटतं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतला २०१९ चा अभ्यास याच धर्तीचा आहे: जोरदार व्यायाम सकाळी केला तेव्हा रुग्णांची साखर वाढली, दुपारनंतर केला तेव्हा उतरली.

टेकडीवाला:
त्या अभ्यासात अकरा पुरुष होते आणि दोन-दोन आठवडे. तेवढ्यावर गावानं गजर बदलायचा का? आणि १४६ झाली तर बिघडलं काय? पाय मागतात म्हणून यकृत देतं, थांबलात की उतरते. ताई, दर पाच मिनिटांनी आकडा बघितला की काळजीनंच वाढेल.

ठाण्याची_लेक:
माझे बाबा ग्लिमेपिराईड ही साखर उतरवणारी गोळी घेतात. पहाटे काही न खाता बागेत फिरायला गेले. दुसऱ्या फेरीला हातांना कंप, शर्ट घामानं ओला, समोरच्या माणसाचं नाव आठवेना. कुणीतरी चहाच्या टपरीवरून साखर आणून तोंडात घातली. घरी आल्यावर मोजली तरी ६४. उपाशीपोटीचा मंत्र सरसकट वाटणाऱ्यांनी आधी समोरच्याची गोळी कोणती, ते विचारावं.

टेकडीवाला:
बाबा आता बरे असतील अशी आशा. पण एक कळत नाही. स्नायूंत चारशे ग्रॅम साठा आहे म्हणता, मग साखर लो होतेच कशी?

फिजिओताई:
कारण स्नायूचा साठा स्नायूपुरताच. तो ग्लुकोज बनवून रक्तात सोडायला जे विकर (एन्झाइम) लागतं, ग्लुकोज-६-फॉस्फेटेज, ते यकृतात असतं, स्नायूंत नसतं. रक्तातली साखर सावरायची जबाबदारी मुख्यतः यकृतावर, आणि रात्रभराच्या उपाशानं त्याचा साठा बराच उतरलेला असतो. त्यात ग्लिमेपिराईड किंवा इन्शुलिन साखर खाली ढकलत असलं की असं होतं. नुसती मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांना ही भीती फार कमी. इन्शुलिनवाल्यांनी ९० च्या खाली असताना काही न खाता निघूच नये. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा, आणि डोस डॉक्टरांना विचारूनच बदला.

आता माझं भांडण तुम्हा दोघांशीही आहे. वेळेवरून इतकं चाललंय, पण साठवायला स्नायू आहे का अंगावर? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडचा किडकिडीत मधुमेही हाच. त्याला आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस, भिंतीला रेटून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं हवं. माझ्याकडे येणारे काका रोज दहा हजार पावलं टाकतात आणि जमिनीवरून उठताना मात्र मुलाचा हात मागतात.

शतपावली:
ताकदीचा व्यायाम हवाच. तरी जेवून सोफ्यावर आडवं होणाऱ्याला आज रात्रीपासून काय सांगाल? डंबेल्स मागवून येईपर्यंत उंबऱ्याबाहेर पंधरा मिनिटं, हेच ना?

रात्रपाळी:
सगळ्यांनी दिवसाची नोकरी धरलीय. माझा डबा रात्री दीडला उघडतो, सुट्टी वीस मिनिटं. सकाळी घरी पोचलो की डोळे मिटतात, टेकडी कुठली? डबा दहा मिनिटांत संपवून शेडच्या कडेनं फेऱ्या मारतो. सुपरवायझर विचारतो, काही हरवलंय का. पण सहाच्या सुमाराला मोजतो तेव्हा बसून राहिलेल्या रात्रीपेक्षा आकडा बरा असतो.

टेकडीवाला:
रात्रपाळी, तुम्हाला तेच योग्य. शतपावलीराव, तुम्ही मात्र रविवारी साडेपाचला टेकडीच्या पायथ्याशी या. गप्पा बंद, धापा टाकत चढू. ग्लुकोमीटर तुमचा, पट्ट्या माझ्या.

शतपावली:
येतो. पण साडेआठला, पोहे खाऊन.