मदत हवी आहे : पोट, हृदय, फुप्फुसं तपासताना सगळा गोंधळ होतो

नमस्कार. मी डिचोलीकडची, बीएस्सी नर्सिंग दुसरं वर्ष. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे सगळं इंग्रजीत. पुस्तक पाठ होतं, पण पेशंटसमोर हात आधी चालतो आणि डोकं मागून.

परवा प्रॅक्टिकलला पोट आलं. पलंगावर आजी. मी "खंय दुखता?" विचारलं, त्यांनी बेंबीच्या उजवीकडे खाली बोट ठेवलं, आणि मी सरळ तिथंच दाबलं. आजींनी कळवळून गुडघे पोटाशी घेतले. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि "नेक्स्ट" म्हणाल्या. काय चुकलं ते सांगितलंच नाही, त्याचा राग अजून आहे. सोमवारी पुन्हा प्रॅक्टिकल.

छातीला बघणं, हात लावणं, ठोकणं, मग स्टेथो. पोटाला मात्र बघितल्यावर लगेच स्टेथो. असं का? हृदय ऐकायच्या पाच जागा पाठ आहेत, पण सगळीकडे एकच लब-डब ऐकू येतं. त्यातला पहिला आवाज कुठला? आणि एका काकांच्या केसशीटसाठी मी क्रॅकल्स (श्वासाबरोबर येणारा चरचर आवाज) सांगितले, सिस्टरनी ऐकलं तर छाती साफ!

प्रतिसाद १

बाय, मी मेडिकल वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत. आजीचं पोट दाबण्याची चूक आम्हीही केली आहे.

पोट दाबलं, ठोकलं की आतडी चाळवतात आणि त्यांचे आवाज बदलतात. म्हणून आधी ऐकायचं. सुरुवात उजवीकडे खालून कर, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथं आवाज सहसा सापडतो. मिनिटाला 5 ते 30 गुडगुड नॉर्मल. काही ऐकू आलं नाही तर लगेच "ॲबसेंट" लिहू नकोस, घड्याळ लावून पूर्ण 5 मिनिटं ऐक. (पाच मिनिटं किती लांब असतात ते तेव्हा कळतं.) पेशंटला आधी लघवीला जाऊन यायला सांग, गुडघे दुमडून घे, हात चोळून गरम कर. आणि दुखरी जागा नेहमी सगळ्यात शेवटी. तुझ्या मॅडमनी वहीत तेच लिहिलं असणार.

हृदयासाठी गळ्याच्या खळगीतून बोट खाली सरकव. छातीच्या हाडावर उंचवटा लागतो, त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. तिच्या खालची फट म्हणजे दुसरी. तिथं उजवीकडे एओर्टिक झडप ऐकायची, डावीकडे पल्मोनिक. डावीकडेच हाडाच्या कडेने तिसऱ्या फटीत अर्ब्स पॉइंट, चौथीत ट्रायकस्पिड. पाचवीत, कॉलरबोनच्या मध्यातून खाली आलेल्या रेषेवर मायट्रल. आता युक्ती : मायट्रलला स्टेथो ठेव आणि दोन बोटं हलकेच मानेच्या एका बाजूच्या नाडीवर. नाडी उचलते त्याच वेळचा आवाज पहिला. खाली टोकाला लब मोठा, वर दुसऱ्या फटीत डब मोठा. एवढा फरक कानाला बसला की बाकीचं येतं.

प्रतिसाद २

काकांच्या छातीवर केस होते का? स्टेथोच्या डायफ्रॅमखाली (सपाट चकतीखाली) केस घासले की अगदी क्रॅकल्ससारखंच वाजतं. केस थोडे ओले कर आणि स्टेथो घट्ट दाबून पुन्हा ऐक. कपड्यावरून तर कधीच नाही. डावी-उजवी एकेक जागा जोडीने ऐकत खाली ये, तोंडाने श्वास घ्यायला सांग, आणि प्रत्येक जागी आत-बाहेर एक पूर्ण श्वास ऐक. म्हाताऱ्यांना मध्ये थांबू दे, सलग मोठे श्वास घेऊन चक्कर येते. पाठीवरून जास्त करून फुप्फुसाचे खालचे लोबच (भागच) ऐकू येतात. उजवा मधला लोब पुढून आणि काखेकडून ऐकायचा, तो आमच्या बॅचमध्ये निम्म्या जणांनी सोडला होता.

धागाकर्ती

आभार ताई, दोघींचेही! काल रात्री बाबांवर प्रयोग केला. केस कोरडे असताना क्रॅकल्स, ओला हात फिरवल्यावर गायब. बाबा म्हणाले, "बरा झालो म्हणजे." मानेची नाडी धरून लबसुद्धा सापडला, पण पंखा बंद केल्यावरच.

एक राहिलं. वयस्क बायकांचं मायट्रल ऐकताना स्तन आड येतो, तेव्हा मला फार संकोच होतो आणि मी वरच कुठेतरी स्टेथो टेकवून मोकळी होते.

प्रतिसाद १

पडदा ओढ, काय करणार ते आधी सांग, आणि त्यांनाच स्वतःच्या हाताने स्तन वर धरायला सांग. तू बरगडी मोज.