मदत हवी आहे: इंग्लंडमधे खेड्यात घर घेतोय, सेप्टिक टँकवरून अडलंय, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

रानवाटा
नमस्कार, घाईत लिहितोय. आम्ही एका खेड्यात घर बघितलं, ऑफर ॲक्सेप्ट झाली, सॉलिसिटर (घराचे कागद बघणारा वकील) लावला, सगळं नीट चाललं होतं आणि मागच्या आठवड्यात विकणाऱ्यांनी भरलेला फॉर्म आला, त्यात लिहिलंय की ड्रेनेज मेन लाइनला नाही, सेप्टिक टँक आहे आणि तो आमच्या आणि शेजारच्या दोन घरांत मिळून एकच आहे. टँक आमच्या जागेत नाहीच, मागच्या शेतात आहे. एजंट म्हणतो चाळीस वर्षं चालतोय काही होत नाही, सॉलिसिटर म्हणतो सर्वेअरला (घर तपासणाऱ्याला) विचारा, सर्वेअर म्हणतो हे माझ्या कामात येत नाही. एजंटने सांगितलंय शुक्रवारपर्यंत कळवा. घ्यावं की सोडावं? ज्यांनी असं घर घेतलंय त्यांनीच सांगा प्लीज.

मिकी_एमके
कुठलं खेडं, किती किंमत, व्हिसा कुठला, यातलं काहीच लिहिलं नाहीये. तरी माझं मत सांगतो, सोडा. आम्ही मिल्टन कीन्सला नवीन बांधलेलं घर घेतलं, दहा वर्षांची वॉरंटी, मेन ड्रेनेज, मुलांची शाळा चालत. खेड्यात दुधासाठी गाडी काढावी लागते.

पंचगंगा
मी इकडे सॉलिसिटरच्या ऑफिसात घरांच्या फाइल्सवर अकरा वर्षं काम करतेय म्हणून लिहिते. आधी ती शुक्रवारची भीती डोक्यातून काढा. इंग्लंडमधे ऑफर ॲक्सेप्ट झाली म्हणजे काही झालेलं नसतं, सह्या केलेल्या कॉन्ट्रॅक्टची अदलाबदल (एक्स्चेंज) होईपर्यंत तुम्ही बांधलेले नाही आणि तेही नाहीत. एजंट विकणाऱ्याचा असतो. आता टँकमधून पाणी बाहेर कुठे जातं ते सांगा. जमिनीत मुरतं, की चरात किंवा ओढ्यात सोडलंय? सगळं त्यावर आहे.

आबा_सातारकर
अहो आमच्याकडे निम्म्या गावाला सेप्टिक टँक आणि शोषखड्डाच आहे. वडिलांनी १९७८ ला बांधलाय, अजून एकदाही तुंबला नाही. इतकं काय घाबरायचं त्यात. घर चांगलं असेल तर घेऊन टाका.

पंचगंगा
आबा, आपल्याकडचं वेगळं. इथे १ जानेवारी २०२० पासून सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात, नदीत, चरात सोडायला परवानगीच नाही. एक तर सांडपाणी शुद्ध करणारा ट्रीटमेंट प्लँट बसवायचा किंवा सच्छिद्र पाइपांचं ड्रेनेज फील्ड करायचं, आणि नुसता शोषखड्डा म्हणजे ड्रेनेज फील्ड नव्हे, तो इथे चालत नाही.

रानवाटा
हेरफर्डशायरमधे आहे, लेम्स्टरपासून सहा मैल. किंमत ३,८५,००० पौंड. व्हिसाचा प्रश्न नाही, आयएलआर (कायम राहायची परवानगी) झालंय. बायको हॉस्पिटलमधे नोकरीला आहे, मी चार दिवस घरून काम करतो, मुलगी सहा वर्षांची.
पाणी कुठे जातं ते फॉर्ममधे लिहिलेलं नाही. पण मी शनिवारी परत जाऊन आलो. शेताच्या कडेला नेटलच्या रानात एक काँक्रीटचं झाकण आहे, तिथून वीसेक पावलांवर एक मातीचा पाइप चरात उघडतोय आणि त्याच्या खालचं पाणी राखाडी आहे, साबणाचा वास येतो. बाकी चर कोरडा आणि तेवढ्याच पट्ट्यात गवत गुडघाभर हिरवंगार. फोटो काढलेत.

पंचगंगा
मग तुमचं उत्तर तुम्हीच काढून आणलंत. तो टँक नियमात बसत नाही. याचा अर्थ घर सोडा असा नाही, पण ते काम कोणाच्या खर्चाने होणार हे एक्स्चेंजच्या आधी ठरलं पाहिजे. तीन घरं आहेत तर तिघांची लेखी सहमती हवी, आणि शेत ज्याचं आहे त्याच्या जमिनीतून पाइप न्यायचा, टँक उपसायला टँकर आणायचा, दुरुस्ती करायची हे हक्क तुमच्या टायटलमधे (मालकीच्या नोंदीत) नोंदलेले हवेत. फक्त 'चाळीस वर्षं चालतंय' यावर जाऊ नका. इन्डेम्निटी इन्शुरन्स (पुढे भुर्दंड पडला तर भरपाई देणारा विमा) घेऊन टाकू असं कोणी म्हणालं तर त्याने पाणी स्वच्छ होत नाही.
अजून एक, तिकडची लाल चिकणमाती आहे, पाणी लवकर मुरत नाही. ड्रेनेज फील्ड करायच्या आधी पर्कोलेशन टेस्ट (जमिनीत पाणी किती मुरतं त्याची चाचणी) करून घ्या. आणि लग नदी संरक्षित आहे, जवळ असाल तर परमिटही लागू शकतं.

कंदील
टँकचं होऊन जाईल हो. आम्ही लडलोजवळ राहतो, नऊ वर्षं झाली, आमच्याकडे दोन घरांत मिळून प्लँट बसवला, चौदा हजार आले, निम्मे निम्मे. मला वाटतं तुम्ही हीटिंग कशावर आहे ते विचारलंच नाही. तिकडे गॅसची लाइन नसणार म्हणजे केरोसीनचा टँक. एका वेळी कमीत कमी ५०० लिटर घ्यावं लागतं, थंडीत भाव वर जातो म्हणून आम्ही ऑगस्टमधेच भरतो. टँक दुहेरी भिंतीचा आहे का बघा.

मिकी_एमके
केरोसीन कशाला, हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारा) बसवा. सरकार ७,५०० पौंड ग्रँट देतं. आमच्या मित्राने बसवला, खूश आहे.

कंदील
मित्राचं घर कधीचं आहे? लाकडी चौकटीच्या जुन्या घरात फटी बुजवल्याशिवाय हीट पंप लावला तर वीजबिलाने रडायला येईल. आधी इन्सुलेशन.

मिकी_एमके
हे दहा वर्षांपूर्वीचं झालं, आताचे पंप जुन्या घरातही चालतात.

कंदील
चालतात, पण घर गरम किती होतं ते बघायला या जानेवारीत आमच्याकडे.

वास्तुमंगल
टँक घराच्या कुठल्या दिशेला आहे? ईशान्येला असेल तर अजिबात घेऊ नये. वायव्येला चालतो. होकायंत्र लावून बघा आणि इथे लिहा, मी सांगते.

रानवाटा
वास्तुमंगल ताई, नैर्ऋत्येला आहे बहुतेक, पण आत्ता तो प्रश्न नाहीये.
कंदील, हो, तेलच आहे. घर काळ्या लाकडाच्या चौकटीचं, मधे पांढरं, पेंब्रिज-वेब्लीकडे असतात तसं. ग्रेड २ लिस्टेड (सरकारच्या वारसा इमारतींच्या यादीत) आहे, एजंट म्हणाला ते फक्त बाहेरून असतं, आतून काहीही करा.

पंचगंगा
एजंटने चुकीचं सांगितलंय!! लिस्टेड म्हणजे आतूनही लिस्टेड. जिना, दारं, तुळया, सगळं. परवानगीशिवाय केलेलं काम गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेलं असलं तरी ते पूर्ववत करायची नोटीस आताच्या मालकाला येते, त्याला वर्षांची मुदत नाही. खिडक्या लाकडाच्या आहेत की प्लास्टिकच्या? मागे किचन वाढवलंय का?

रानवाटा
मागच्या दोन खिडक्या पांढऱ्या प्लास्टिकच्या आहेत. किचन नवीन आहे.

पंचगंगा
कौन्सिलच्या साइटवर त्या घराचा पत्ता टाकून लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट (बदलांची परवानगी) कधी दिले ते बघा. आणि सर्वे लेव्हल २ केला असेल तर तो या घराला पुरेसा नाही, जास्त सखोल असतो तो लेव्हल ३ करा. ड्रेनेजचा माणूस वेगळा बोलवा.

निशिगंध_डी
धाग्यावर सगळे पाइप आणि बॉयलरबद्दल बोलताहेत म्हणून मी राहण्याबद्दल लिहिते. आम्ही डेव्हनला खेड्यात सहा वर्षं आहोत. शांतता म्हणाल तर वसंतात पेरणी झाली की कावळे उडवायला शेतात गॅसच्या तोफा लावतात, पहाटेपासून धडाम धडाम, पहिल्या वेळी मी पोलिसांना फोन करणार होते. शेणखत टाकलं की दोन दिवस खिडकी उघडत नाही. तुमच्याकडे कोंबड्यांच्या मोठ्या शेड आहेत हेरफर्डशायरमधे, वारा कुठून येतो ते बघायला संध्याकाळी एकदा जाऊन उभे राहा तिथे बायकोला घेऊन. पण पहिल्या हिवाळ्यात हे आठवडाभर भारतात होते आणि रस्त्यावर पाणी आलं, तर समोरच्या आजी गमबूट घालून दूध आणि ब्रेड घेऊन आल्या, दारात उभ्या राहून म्हणाल्या आत येत नाही चिखल आहे पायाला. तेव्हापासून आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असते. गणपतीत मी त्यांना उकडीचे मोदक देते, त्या डॅमसनचा (आंबट छोट्या प्लमचा) जॅम देतात. शहरात बारा वर्षं राहिलो तेव्हा शेजाऱ्याचं नाव माहीत नव्हतं.

आबा_सातारकर
वाचून बरं वाटलं. तांदळाची पिठी कुठून आणता?

निशिगंध_डी
ब्रिस्टलहून, महिन्यातून एकदा. कोथिंबीर कुंडीत लावते.

कंदील
आम्ही अशा सामानाला बर्मिंगहॅमला सोहो रोडला जातो. रानवाटा, तुम्हालाही तेच पडेल, दीड तास धरा. आणि घराच्या मागच्या अंगणातून पायवाटेचा हक्क जातो का बघा. ऑर्डनन्स सर्वेच्या नकाशावर हिरव्या तुटक रेषा असतात. गेली असेल तर रोज कुत्रीवाले तुमच्या किचनच्या खिडकीसमोरून जाणार, तुम्ही अडवू शकत नाही.

मिकी_एमके
बरं ते सगळं जाऊ दे. ३,८५,००० वर स्टँप ड्यूटी किती धरलीय?

रानवाटा
४,२५०. फर्स्ट टाइम बायर आहोत ना, ३ लाखांपर्यंत शून्य आणि वरच्या ८५ हजारांवर ५ टक्के. इथे आमचं घर नाहीये.

मिकी_एमके
इथे नाहीये, आणि भारतात?

रानवाटा
भारतातलं कशाला मोजतील? कोथरूडला फ्लॅट आहे, आई राहते. पप्पा २०१९ ला गेले, त्यानंतर आईच्या आणि माझ्या नावावर आहे. मी एक पैसा भाडं घेत नाही.

मिकी_एमके
म्हणूनच विचारलं. माझ्या भावाचं अगदी असंच झालं आणि त्याला एक्स्चेंजच्या दोन दिवस आधी कळलं. जगात कुठेही घर असलं, वारसाने आलेलं असलं तरी फर्स्ट टाइम बायर नाही. तुम्ही दोघं मिळून घेताय तर दोघांचंही गेलं. आणि दुसरं घर धरलं तर वर ५ टक्के सरचार्ज, पूर्ण किमतीवर. ९,२५० अधिक १९,२५०, म्हणजे २८,५००.

रानवाटा
काय सांगता?? २४ हजार जास्त? आम्ही एवढे पैसे बाजूला ठेवलेलेच नाहीत. सॉलिसिटरने विचारलं होतं यूकेमधे प्रॉपर्टी आहे का, मी नाही म्हटलं.

पंचगंगा
थांबा, घाबरू नका. मिकी बरोबर आहेत, फर्स्ट टाइमचं गेलंच, ते परत येत नाही. सरचार्जचं मात्र बघावं लागेल. तुमचा हिस्सा ४०,००० पौंडांपेक्षा कमी किमतीचा असेल तर सरचार्जसाठी धरत नाहीत. ५० टक्के किंवा कमी वारसा असेल तर पहिली तीन वर्षं सूट असते, पण २०१९ म्हणजे ती संपली. फ्लॅटची आजची किंमत काय?

रानवाटा
१ कोटी २० लाखांच्या आसपास.

पंचगंगा
अर्धा तुमचा असेल तर ६० लाख, म्हणजे ५० हजार पौंडांच्या आसपास, सरचार्ज बसेल. पण घराचा व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवशी तुमच्याकडे तो हिस्सा नसेल तर बसत नाही. आईच्या नावे हक्कसोड पत्र करता येतं, बर्मिंगहॅमच्या भारतीय कॉन्सुलेटमधे मुखत्यारपत्रावर सही करून तिकडे नोंदणी करतात.

आबा_सातारकर
ताई, वीस हजार पौंडांसाठी बापाच्या घरावरचं नाव काढायचं? आईला काय वाटेल? मला हे पटत नाही.

पंचगंगा
आबा, मी करा म्हटलं नाही, मार्ग आहे एवढंच सांगितलं. निर्णय त्यांचा.

आबा_सातारकर
मग मीही एक विचारतो, मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो चौदा वर्षं. नाव लागलंय म्हणजे कुठे लागलंय? शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून लागलं असेल तर त्याने मालकी येत नाही, मालकी वारसांची. मृत्युपत्र होतं का? आणि तुम्हाला बहीण-भाऊ आहेत का?

रानवाटा
मृत्युपत्र नव्हतं. मोठी ताई आहे, नाशिकला. तिचं नाव सर्टिफिकेटवर नाहीये, पप्पांनी फॉर्मवर आईचं आणि माझंच टाकलं होतं.

आबा_सातारकर
ताईने हक्कसोड करून दिलंय का?

रानवाटा
नाही, तो विषयच निघाला नाही कधी. आम्ही तेव्हा त्या मनःस्थितीत नव्हतो.

आबा_सातारकर
मग तुमचा अर्धा नाही, तिसरा हिस्सा. आई, ताई आणि तुम्ही. ४० लाख.

पंचगंगा
आबा, मनापासून धन्यवाद! ४० लाख म्हणजे ३५ हजार पौंडांच्या आसपास, ४० हजारांच्या खाली. मग सरचार्ज नाही, ९,२५० च भरायचे. पण रानवाटा, हे इथे वाचून भरू नका. भारतातल्या वकिलाचं हिश्श्याबद्दल पत्र, मान्यताप्राप्त व्हॅल्यूअरचा रिपोर्ट, आणि इकडच्या टॅक्सवाल्याचा लेखी सल्ला, तीनही घ्या. पौंडाचा भाव हलला की आकडा हलतो. सॉलिसिटरला आजच इमेल करा की आधीचं उत्तर अपुरं होतं.

वास्तुमंगल
नैर्ऋत्येचा टँक बरा नाही पण उपाय आहे, मेसेज करा.

रानवाटा
सगळ्यांना, उशिरा लिहितोय. सॉलिसिटरला त्या रात्रीच कळवलं. एजंटला सांगितलं शुक्रवार जमणार नाही, ड्रेनेजचा रिपोर्ट आल्यावर बोलू, त्याने जास्त कुरकुर केली नाही. चराचे फोटो विकणाऱ्यांकडे गेलेत, ते म्हणताहेत बाकी दोन घरांशी बोलतो. लेव्हल ३ सर्वे पुढच्या मंगळवारी आहे. कौन्सिलच्या साइटवर किचनचा कन्सेंट सापडला, खिडक्यांचा नाही.
आणि ताईला फोन केला. मी आधी टॅक्सचं सांगत बसलो, ती गप्प होती, मग म्हणाली तुला माहीत होतं का माझा हिस्सा आहे, मी म्हटलं नव्हतं, खरंच नव्हतं. तासभर बोललो. तिला आता कागद नीट करून हवेत, तिचंही नाव लागलं पाहिजे, मी हो म्हटलंय. आबा, सोसायटीत त्यासाठी काय काय द्यावं लागतं?

आबा_सातारकर
मृत्यूचा दाखला, वारस म्हणून तिघांचं प्रतिज्ञापत्र, आईचं आणि तुमचं ना हरकत पत्र, बाकी सोसायटी सांगेल ते. सेक्रेटरीला आधी भेटून घ्यायला सांगा ताईंना. जाताना आईला सोबत नेऊ दे.