‘गावकरी’ हा शब्द माणसाचा की संस्थेचा?

प्रश्न (डिचोली, गोवा)
माझ्या आठवीतल्या मुलीने निबंधात ‘गावकरीच्या जमिनीवर काजू लावले आहेत’ असे लिहिले होते. शिक्षिकेने ते लाल शाईने खोडून ‘गावकऱ्याच्या’ केले. आमच्या घरात गावकरी म्हणजे गावाची सामाईक जमीन, बांध आणि देवस्थान सांभाळणारी जुनी संस्था. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत मात्र ‘गावकऱ्यांनी रस्ता अडवला’ असे छापून येते. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ कसे झाले?

उत्तर १ (फोंडा)
माझ्या मते हे मुळात दोन शब्द असून केवळ रूपाने सारखे दिसतात. ‘शेतकरी’, ‘वारकरी’ यांच्या वळणाचा ‘तो गावकरी’ पुल्लिंगी, म्हणून त्याचे ‘गावकऱ्याचा’ होते. आपल्याकडचा शब्द ‘चाकर–चाकरी’, ‘सावकार–सावकारी’ या वळणाचा आहे: गावकराची ती गावकरी. तो स्त्रीलिंगी असल्यामुळे चाकरीचा तसे गावकरीचा. मुलीचे वाक्य शुद्ध आहे. शिक्षिकाबाई घाटावरच्या असतील तर त्यांचाही दोष नाही. त्यांच्या कानांवर दुसराच शब्द पडलेला असणार.

उत्तर २ (तिसवाडी)
व्याकरण पटले, तथापि अर्थ खरा पालटला तो ‘गावकर’ या शब्दाचा. गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांचे पुरुष वंशज तेवढेच गावकर, त्यांनाच संस्थेच्या उत्पन्नात वाटा, आणि बाहेरून येऊन चार पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला ते नाव नाही, असा दंडक होता. १५२६ साली अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीतील हे रीतिरिवाज सनदेच्या रूपाने लिहून काढले, तेव्हा ती व्यवस्था आधीपासून रुळलेली होती. पुढे कागदोपत्री ‘कोमुनिदाद’ हा पोर्तुगीज शब्द बसला आणि आज कचेरीत आपणही सर्रास तोच वापरतो. त्यामुळे ‘गावकरी’ची जागा रिकामी झाली आणि वर्तमानपत्री मराठीतला ‘गावात राहणारा कोणीही’ हा अर्थ तिथे सहज शिरला, असे मला वाटते. ‘गावकर’ तर पुष्कळ ठिकाणी नुसते आडनाव उरले आहे.

उत्तर ३ (पेडणे)
जुना अर्थ अजून पुरता गेलेला नाही. काही वर्षांपूर्वी मी ग्रामसभेच्या सूचनेचा मसुदा करताना ‘सर्व गावकऱ्यांनी उपस्थित राहावे’ असे लिहिले. शेजारचे वयस्क मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) आले नाहीत. संध्याकाळी विचारले तेव्हा म्हणाले, “बाब, ती गावकारांची बैठक, आमचें थंय कितें काम?” त्यांच्या घराच्या वाटेचाच विषय त्या दिवशी चर्चेला होता. तेव्हापासून मी सूचनेत ‘ग्रामस्थ’ लिहितो.